आईंना खरं गोल्फ बघायचं होतं

मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "पोरी, मला गोल्फला जायचंय."

"रोज सकाळी जाताच की," मी म्हटलं.

गोल्फ क्लबचं मैदान आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. तिथं गोल्फ सोडून बाकी सगळं चालतं, हे नाशिकमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी चालणारी माणसं, दिवसभर क्रिकेट, मधूनच एखादी सभा नाहीतर प्रदर्शन. सासूबाई उजाडता उजाडता तिथं फेऱ्या मारून येतात, येताना दुधाची पिशवी आणतात.

"ते नाय," त्या म्हणाल्या. "खरं गोल्फ. शहराच्या बाहेर हाय. गवताचं मोठं रान असतं. पैसे भरले की कुणालापण आत सोडतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हाय एक जण," एवढं बोलून त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि आत निघून गेल्या.

सासूबाईंनी उभं आयुष्य मखमलाबादच्या अंगाला भाजी आणि झेंडू पिकवण्यात घालवलं. सासरे गेल्यावरही बरीच वर्षं त्या एकट्या तिथं राहिल्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा कुठं आमच्याकडे फ्लॅटमध्ये यायला तयार झाल्या, जमीन वाट्यानं करायला दिली. शहर त्या जमिनीच्या बांधापर्यंत येऊन ठेपलंय. जमीन सासूबाईंच्या एकटीच्या नावावर आहे. त्यामुळे आमच्या घरी अनोळखी माणूस चहाला आला की आम्ही आधी त्याच्या चपला बघतो. चपला चकचकीत असल्या की तो एजंटच, असा नवऱ्याचा ठोकताळा.

त्यात आमच्या दोघांच्या नोकऱ्या तशाच. मी एका पतसंस्थेत काउंटरला आहे. समोरच्या माणसाची सही खरी की खोटी, हे ताडत माझा दिवस जातो. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासतो. त्याच्या हातातून एखादी वस्तू तपासल्याशिवाय पुढे गेली तर त्याला रात्री झोप लागत नाही. अशा घरात 'हाय एक जण' हे उत्तर पचणं अवघड होतं.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. सासूबाई गॅलरीत होत्या. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"गवताचं रान? कुठल्या रस्त्याला?"

"रस्ता नाही सांगितला. शहराच्या बाहेर, एवढंच म्हणाल्या."

"तिकडे सगळी प्लॉटिंग चालू आहेत," तो म्हणाला. "हे असंच असतं. आधी म्हाताऱ्या माणसाला फिरायला नेतात. नाश्ता, चहा, शाल-नारळ. मग गोड बोलून विषय काढतात. आमच्या कंपनीतल्या एकाच्या वडिलांना देवदर्शनाला म्हणून नेलं होतं. परत आले ते जमीन द्यायचं कबूल करूनच."

"पण गोल्फ?"

"तेच तर. त्यात नवीन काहीतरी दाखवावं लागतं ना आता."

मला ते पटलं. तरी मी म्हटलं, आपण सरळ विचारू. तो म्हणाला, "विचारलं की ती सावध होईल. तू नुसतं लक्ष ठेव."

लक्ष ठेवायला मला फार कष्ट पडले नाहीत. दोनच दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "माझं आधार कार्ड कुठं ठेवलंय गं?"

"कशाला हवंय?"

"लागतं."

आधार कार्ड काढलं की पुढं काय काय होतं ते आमच्या काउंटरवर मी रोज बघते. मी म्हटलं, शोधून ठेवते. आणि ते कपाटातून काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. पतसंस्थेत दिवसभर पर्स मांडीवर घेऊन बसले.

त्याच संध्याकाळी देवळ्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या घरचे कांद्याच्या व्यापारात आहेत, तेव्हा भाव आणि माणूस दोन्ही ती चटकन ओळखते असं तिचं म्हणणं. नवऱ्यानं तिला आधीच सगळं सांगितलं होतं.

"वहिनी, तो एक जण म्हणजे पुरुष हाय की बाई?"

"माहीत नाही."

"मग आधी ते बघा! तुम्ही शहरातली माणसं लय साधी."

आता हा कोन माझ्या डोक्यात आला नव्हता. मी म्हटलं, "ताई, अहो, आई सत्तरीच्या आहेत."

"त्यानं काय होतंय?" ती म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं मागच्या वर्षी..." आणि तिनं मला एक लांबलचक गोष्ट सांगितली. ती खरी असेल असं मला अजूनही वाटत नाही. पण फोन ठेवल्यावर मी सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे दोनदा बघितलं.

शनिवारी त्यांच्या खोलीत केर काढताना पलंगाखालची कापडी पिशवी बाजूला केली, तर तिच्यातून पुरुषाचा शर्ट बाहेर आला. पांढरा, कॉलरचा टी-शर्ट, कोरा. अजून पुठ्ठासुद्धा काढलेला नव्हता. त्याच्याखाली पांढरे बूट. बूट मात्र बायकांच्या मापाचे होते.

मी शर्ट नवऱ्याच्या अंगाला मनातल्या मनात लावून बघितला. त्याला तो बसला नसता. आमचा मुलगा पुण्याला शिकायला, त्याचा वाढदिवस कधीच होऊन गेलेला. मग हा कोणासाठी? मी पिशवी होती तशी ठेवली. त्या एका दुपारी मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि त्याच वेळी नणंदेला फोन करावा अशी अनावर इच्छाही होत होती. मी फोन केला नाही. नवऱ्याला मात्र सांगितलं.

तो म्हणाला, "एजंटला कोणी शर्ट देतं का?"

"नाही देत."

"मग?"

जमिनीची भीती बरी होती, असं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

सोमवारी सकाळी सासूबाई फिरायला निघाल्या आणि थोड्या वेळानं मी निघाले. मैदानावर नेहमीची वर्दळ होती. कडेच्या झाडांखाली सासूबाई उभ्या होत्या. शेजारी एक उंच, ताठ कण्याचे गृहस्थ. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीची पँट. मी चप्पल बघितली. बूट होते, चकचकीत. पॉलिश इतकं की लांबून दिसावं.

दोघंही मान खाली घालून जमिनीकडे बघत होते, काहीतरी हरवल्यासारखे. मग त्या गृहस्थांनी हातातली मिटलेली छत्री उलटी धरली, कमरेतून वळले आणि छत्री हळूच झुलवली. सासूबाईंनी छत्री त्यांच्या हातातून घेतली आणि तसंच केलं. ते मान हलवून काहीतरी म्हणाले. सासूबाई हसल्या. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात त्या हसतात ते तोंडाला पदर लावून.

मी झाडाआडून परत फिरले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "पुरुषच आहे."

"एजंट?"

"बुटांवरून तसाच वाटतो. पण छत्री का झुलवत होते कळलं नाही."

त्या संध्याकाळी सासूबाईंनीच कोंडी फोडली. ताटं वाढून झाल्यावर म्हणाल्या, "मी येत्या रविवारी जाणार हाय. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. तेवढं माझं आधार कार्ड दे. तू तुझ्या पर्समध्ये ठेवलंस ना, ते."

मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं उठले.

"रिक्षा कशाला?" नवरा म्हणाला. "आपण सगळे जाऊ ना आई, गाडीनं."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. लहानपणी त्यानं आंबे लपवले असतील तेव्हा असंच बघितलं असेल. "या की," त्या म्हणाल्या. "नको कोण म्हणतंय?"

आठवडाभर आमची तयारी चालली. सासूबाईंनी दशम्या कुठल्या पिठाच्या करायच्या ते ठरवलं. नवऱ्यानं काय काय बोलायचं ते ठरवलं. तो माणूस एजंट निघाला तर दारातूनच परत फिरायचं. 'तसलं' काही निघालं तर काय करायचं, हे मात्र त्याला ठरवता येईना. मी म्हटलं, तेव्हा मी बोलेन. काय बोलणार होते, देव जाणे. नणंदेनं रोज फोन करून विचारलं आणि शेवटी मी येऊ का म्हणाली. नवरा नको म्हणाला.

रविवारी उन्हं चढायच्या आत आम्ही निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, नऊवारी, पायात ते पांढरे बूट, मांडीवर कापडी पिशवी. मागे बसून मी त्या पिशवीकडे बघत होते. शहर मागे पडलं, प्लॉटच्या पाट्या सुरू झाल्या. प्रत्येक पाटी आली की नवरा गाडी हळू करायचा आणि आईकडे बघायचा. त्या सरळ समोर बघत होत्या.

एका कमानीपाशी ते गृहस्थ उभेच होते. आम्ही उतरताच त्यांनी हात जोडले. "आलात? बरं झालं. मला वाटलं नव्हतं, घरचे येतील."

नवऱ्यानं पाठ केलेलं सगळं बाजूला पडलं. त्यानं थेट विचारलं, "आपण प्लॉटिंगचं बघता का?"

"मी?" त्यांच्या मिशा जरा ताठ झाल्या. "मी तोफखान्यात होतो. देवळाली कॅम्पला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. इथं रविवारी नवीन लोकांना शिकवतो." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला म्हटलं होतं ना, घरी सगळं नीट सांगा."

"सांगितलं की," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं. गोल्फला जायचंय म्हणून. ह्यांनी त्याच्यात काय काय ऐकलं, ते ह्यांना विचारा."

आधार कार्ड दाखवून आम्ही फाटकातून आत आलो. आतल्या खिडकीवरच्या मुलीनं सासूबाईंकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आजी, इथं कॉलरचा टी-शर्ट लागतो. नियम आहे."

"माहीत हाय," असं म्हणून सासूबाईंनी पिशवीतून तो पांढरा शर्ट काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, साडीवरून अंगात घातला. बटणं लावली, पदर आत खोवला. रानात काम करणाऱ्या बायका साडीवर शर्ट घालतात, तसाच. ऊन लागू नये, काडी-काटा लागू नये म्हणून आयुष्यभर त्यांनी सासऱ्यांचे जुने शर्ट असेच घातले होते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते बघत आलेय. आणि पलंगाखाली शर्ट सापडल्यावर मला ते आठवलं नव्हतं.

खिडकीवरची मुलगी जरा घुटमळली. साडीबद्दल नियमात काही लिहिलेलं नसावं. तिनं आत जा म्हणून हात केला.

सरावाच्या जागेवर एका ओळीत माणसं उभी राहून चेंडू मारत होती. सुभेदारसाहेबांनी, म्हणजे त्या गृहस्थांनी, इथं सगळे त्यांना तेच म्हणत होते, सासूबाईंच्या हातात काठी दिली. समोर रबरी चटईवर चेंडू ठेवला. सासूबाईंनी पाय रोवले, मान खाली घातली, आणि मला झाडाखालची छत्री आठवली. पहिला फटका हवेत गेला. दुसराही. तिसऱ्याला चेंडू घरंगळत दोन हात पुढे गेला. शेजारच्या जागेवरचा तरुण हसला आणि नवऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा हसला नाही.

"घाई करू नका, मावशी. खुरपं हळू चालवता ना, तसं," सुभेदारसाहेब म्हणाले.

"खुरपं हळू चालवलं तर तण कधी संपायचं?" सासूबाई म्हणाल्या आणि एक फटका असा बसला की चेंडू खरोखर उडाला. फार लांब नाही गेला. पण उडाला. आम्ही तिघंही ओरडलो. सासूबाईंनी काठी ठेवली आणि चेंडूच्या मागे चालायला लागल्या.

"मावशी, मावशी! पुढं जायचं नाही. लागेल."

"का? माझा चेंडू हाय तो."

"इथं नुसते मारायचे. गोळा करायला गाडी येते."

सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा असा उतरला, जणू कोणीतरी फसवलंय. "चेंडू मारायचा अन् त्याच्या मागं जायचं नाय? मग मी एवढ्या लांब कशाला आले?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना नेमकं काय हवं होतं. बाकावर बसून पाणी पिताना त्यांनी सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं होतं, तेव्हा दवाखान्यातल्या टीव्हीवर हे चालू होतं. आवाज बंद होता. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यानं त्या बघत होत्या. "कुणी पळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "कुणी आरडत नव्हतं. एक फटका मारायचा, मग सगळे निवांत चालत जायचे. हिरवंगार रान अन् कुणाला काय काम नाय. मी म्हटलं, असं पण असतंय का? एकदा जाऊन बघायचंच."

"मग आम्हाला हे सांगायचं ना," नवरा म्हणाला.

"तुला खरं वाटलं असतं?"

त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

सुभेदारसाहेब उठून आत गेले, कोणाशी तरी बोलून आले. ऊन चढल्यावर शेवटच्या बाजूचा भाग मोकळा होतो, तिथं ते बरोबर असतील तर सासूबाईंनी एक खड्डा, म्हणजे चेंडू त्यात पडेपर्यंत, खेळून बघायचं असं ठरलं. नवऱ्याचा संशय पुन्हा जागा झाला. "हे आईसाठी एवढं का करतायत?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यानं खरंच विचारलं.

"माझ्या घरचं कोणी येत नाही हो इथं," सुभेदारसाहेब म्हणाले. "मुलं म्हणतात, हे श्रीमंतांचं खूळ. मैदानावर मी ह्यांना सहज सांगितलं, तर ह्यांनी मला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. इतकं कोणी विचारलं नव्हतं."

ते खरं होतं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. पण खोटं बोलणारा माणूस साधारणतः जास्त बोलतो, एवढं मी काउंटरवर शिकलेय.

मग आम्ही चालत निघालो. सासूबाई पुढे. गवतावर पाय ठेवल्याबरोबर त्या खाली वाकल्या, चार काड्या उपटल्या, नखानं सोलून बघितल्या आणि चकित होऊन आमच्याकडे वळल्या. "अरे, ही तर हरळी!"

"हो, तीच जात," सुभेदारसाहेब म्हणाले.

"हिच्यापायी माझी कंबर गेली," सासूबाई म्हणाल्या. "खणून काढली, जाळली, तरी झेंडूत यायचीच. अन् इथं हिला पाणी देतात?" मग त्यांनी काड्या फेकल्या आणि त्या गवतावरून पुन्हा एकदा पाय फिरवला, जरा जपून.

त्यांनी चेंडू मारला. तो वाकडा गेला. त्या त्याच्या मागे गेल्या. पुन्हा मारला. कधी वीतभर, कधी बरंच पुढे. दर वेळी त्या निवांत चालत जायच्या, हात मागे बांधून. अधेमधे थांबून डोंगराकडे बघायच्या. नवरा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे होता. मी सावलीतून बघत होते. त्या दोघांना असं काही न बोलता, काही काम नसताना बरोबर चालताना मी आधी पाहिलं नव्हतं. शेतात असताना ते चालायचे तेव्हा एकाच्या डोक्यावर पाटी असायची नाहीतर दुसऱ्याच्या हातात पाइप.

चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा सासूबाईंनी तो वाकून काढला, पदराला पुसला आणि सुभेदारसाहेबांना परत दिला. आम्ही झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. सुभेदारसाहेबांनी दोन मागून घेतल्या.

परतताना गाडीत नवऱ्याला राहवलं नाही. "आई, जमिनीचं कोणी काही बोललं नाही ना तुझ्याशी?"

"बोलतात की. मैदानावर रोज कोणीतरी बोलतंय."

त्यानं गाडी कडेला घेतली. "आणि तू काय सांगतेस?"

"विकायची झाली तर विकीन, सांगते. माझी हाय."

"म्हणजे विकायचीय?"

"तसं कुठं म्हटलं मी?" सासूबाईंनी खिडकीची काच खाली केली. "चल आता. ऊन लागतंय."

थोड्या वेळानं त्या डोकं मागे टेकून झोपल्या. तळहातावर दोन फोड आले होते. नवरा घरापर्यंत आरशातून मला खुणा करून विचारत राहिला की याचा अर्थ काय. मला कळला असता तर सांगितला असता. घरी आल्यावर त्यानं मोबाइलवर सातबारा काढून बघितला. तो जसाच्या तसा होता. नवरा अजूनही अधूनमधून बघतो.

नणंदेला मी सगळं खरं खरं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, एवढं साधं असतं व्हय?" तिचा विश्वास बसलेला नाही. दिवाळीला आली की ती स्वतः येऊन बघणार आहे.

पुढच्या शनिवारी फोड सुकलेले नव्हते, म्हणून सासूबाई म्हणाल्या की या रविवारी राहू द्या. मी स्वयंपाकघरात होते. नवरा आत आला आणि उगाच डबे उघडून बघायला लागला.

"उद्या तिकडे एक चक्कर टाकून येऊ का?" तो म्हणाला. "म्हणजे, आईसाठी वेळ वगैरे विचारून येतो."

"फोनवर नाही विचारता येत?"

"फोनवर नीट सांगत नाहीत."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं डबा बंद केला, आणि माझी नजर चुकवून, आपले बूट कुठं ठेवलेत ते शोधायला निघून गेला.